रात्र विका, रान विकू नका
(अष्टमी येथील जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून भाताच्या खरेदी केंद्राचा विषय झाला, कर्जाचा झाला, कालव्याच्या पाण्याचा झाला. आमच्या वाट्याला आलेला विषय ऐकून काहींना हसू येईल. विषय आहे मुक्कामाचा. एकटा माणूस लांबच्या प्रवासाला निघतो, वाटेत रात्र पडते आणि तो आपल्या गावात थांबतो. त्या एका रात्रीचा हिशेब आज आपण मांडायचा आहे.

कुणी म्हणेल, शेतकऱ्याच्या बैठकीत हे पाहुण्यारावळ्यांचे काय काढले? त्याचे कारण सांगतो. मुंबईहून गोव्याकडे आणि त्याच्याही पुढे कन्याकुमारीपर्यंत एकट्याने जाणारी माणसे अलीकडे फार दिसू लागली आहेत. कुणी मोटारसायकलवर, कुणी सायकलवर, कुणी एकट्याने गाडी चालवत. त्यात मुलीही आहेत. ही माणसे महामार्ग सोडून आत वळतात, कोलाडला थांबतात, रोह्याला येतात, पूल ओलांडून अष्टमीत चहा पितात आणि विचारतात, रात्रीची सोय कुठे होईल? आपण काय सांगतो? रोह्यात लॉज बघा. नाहीतर म्हणतो, अहो, आमच्याच घरी राहा की, आणि सकाळी पैसे घ्यायला लाजतो. ही दोन्ही उत्तरे आपल्याला तोट्यात घालणारी आहेत. कशी, ते पाहू.

आधी आपले गाव पाहा. अष्टमी आणि रोहे यांच्या मधून कुंडलिका वाहते. खाडीचे पाणी इथवर चढते. गलबते चालत तेव्हा इथले भात खाडीने मुंबईला जाई. गलबत काही घड्याळावर चालत नाही. भरती आली तर निघायचे, नाहीतर थांबायचे. म्हणजे थांबणे हा या गावाचा जुना धंदा आहे. १९८६ साली रेल्वे रोह्यापर्यंत आली आणि काही वर्षे हेच शेवटचे स्टेशन होते. तळकोकणात जाणारा माणूस इथे उतरून पुढे एस.टी. शोधायचा. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वेचा सगळा मार्ग खुला झाला आणि गाड्या आपल्यासमोरून निघून जाऊ लागल्या. १९९९ मध्ये कोलाडला भरलेले ट्रकच्या ट्रक रेल्वेच्या वाघिणींवर चढवून गोव्यात वेर्ण्याला उतरवण्याची सोय झाली. २०२५ च्या गणपतीत मोटारगाड्यांसाठीही कोलाड ते वेर्णे अशीच गाडी निघाली. म्हणजे ट्रक आपल्या उशाशी येऊन थांबतो, गाडी थांबते, ड्रायव्हर थांबतो. पण थांबलेल्या माणसाकडून आपल्या गावाला काय मिळाले, हे कुणी मोजलेले नाही.

आता एक फार जुनी गोष्ट सांगतो. ती आपल्याच खाडीची आहे. कुंडलिका जिथे समुद्राला मिळते तिथे एका बाजूला रेवदंडा आणि चौल आहे. १४६९ च्या सुमारास चौलच्या बंदरात रशियातला एक व्यापारी उतरला. त्याचे नाव अफनासी निकितीन, गाव व्होल्गा नदीकाठचे त्वेर. रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. १९५७ साली त्याच्यावर ‘परदेसी’ नावाचा सिनेमाही निघाला होता, जुन्या मंडळींना आठवत असेल. हा माणूस काही हौसेने निघाला नव्हता. व्होल्गा नदीवर त्याला आणि त्याच्या सोबत्यांना लुटले. ज्यांचे घरी काही शिल्लक होते ते परत गेले. ज्यांच्या डोक्यावर देणे होते त्यांना परत जायला तोंड नव्हते, ते वाट फुटेल तिकडे गेले. कर्जाने घर सोडायला लागणे म्हणजे काय, हे तुम्हाआम्हाला कुणी समजावून सांगायला नको.

हा एकटा परका माणूस एक घोडा विकायला घेऊन चौलला उतरला आणि पायवाटेने घाट चढून जुन्नरला गेला. पावसाळा लागला तेव्हा तिथेच थांबला. त्याने आपल्या वहीत जे टिपून ठेवले त्यात राजवाडे आहेत, हत्ती आहेत, बाजार आहेत. त्यात दोन बारीक नोंदी अशाही आहेत ज्या शेतकऱ्याने वाचाव्यात. एक अशी की चार महिने रात्रंदिवस पाऊस आणि चिखल असतो आणि त्याच दिवसांत इथले लोक नांगरतात आणि पेरतात. दुसरी अशी की परदेशी व्यापारी इथे धर्मशाळेसारख्या उतारघरांत उतरतात आणि त्या घरची बाई त्यांच्यासाठी स्वयंपाक करते. साडेपाचशे वर्षांपूर्वी या मुलखात मुक्काम हा रीतसर धंदा होता. मुक्कामाला येणारा खायला घालणारीला ओळखत होता, आणि त्याने तिची नोंद केली.

मग निकितीनला त्रास कुणी दिला? जुन्नरच्या खानाने. त्याने घोडा काढून घेतला आणि धर्म बदल नाहीतर दंड भर, असा धाक घातला. शेवटी एका खुरासानी गृहस्थाने रदबदली केली तेव्हा घोडा सुटला. एकट्या प्रवाशाला यजमानाच्या घरी निवारा मिळाला आणि सत्तेच्या दारात त्याला लुटण्याचा प्रयत्न झाला. हे नीट लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट आपल्या पेण तालुक्याची. वरसईचे विष्णुभट गोडसे. यांचीही घरची स्थिती कर्जाची. १८५७ साली ते आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. ग्वाल्हेरकर शिंद्यांच्या बायजाबाई मोठा यज्ञ करणार आहेत, तिथे दक्षिणा मिळेल आणि घरचे देणे फिटेल, एवढाच हेतू. वाटेत सत्तावनचे बंड उभे राहिले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते झाशीत होते. मिळालेले पुन्हा पुन्हा लुटले गेले. घरी आले तेव्हा द्रव्य फार नव्हते, आईवडिलांना स्नान घालायला गंगेच्या पाण्याची कावड मात्र होती. त्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापले म्हणून आपल्याला हे कळते. अडीच वर्षांच्या त्या भटकंतीत त्यांना रात्रीचा आसरा कुठे मिळाला? बहुतेक ओळखीच्या, नात्याच्या, जातीच्या माणसांकडे, देवळात, वाड्यात. विद्वान ब्राह्मण म्हणून त्यांना दारे उघडली गेली. आम्ही हे कुणाला उणे दाखवायला म्हणत नाही. त्या काळी मुक्कामाची व्यवस्था अशीच होती. पैसे द्यावे लागत नव्हते, पण जात विचारली जात होती.

ज्याची जात चालत नव्हती त्याचे काय होत होते, त्याचीही लेखी नोंद आहे. १९०१ साली सातारहून नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा, त्याचा भाऊ आणि भाचे, वडिलांना भेटायला कोरेगावकडे निघाले. मसूर स्टेशनवर उतरले. ही मुले महारांची आहेत हे कळल्यावर एकही गाडीवान त्यांना बसवून घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे कबूल केले, आणि वर बैल मुलांनी हाकायचे, गाडीवान बाजूने चालणार, असे ठरले. रात्र पडली. जकात घेणाऱ्याच्या नाक्यावर मुक्काम पडला. जवळ शिदोरी होती, पण प्यायला पाणी नव्हते. नाकेदाराने पाणी दिले नाही. मुले उपाशीपोटी झोपली. तो मुलगा म्हणजे डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. पुढे १९२७ च्या मार्चमध्ये याच आपल्या जिल्ह्यात, महाडला, चवदार तळ्यावर पाण्यासाठी जे झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या रात्री त्या मुलांच्या खिशात पैसे होते, दुप्पट भाडे द्यायची तयारी होती, तरी तांब्याभर पाणी मिळाले नाही.

तेव्हा फुकटचा पाहुणचार फार थोर आणि पैसे घेऊन केलेला तेवढा हलका, असे जे म्हणतात त्यांना आम्ही विचारतो : तुमच्या फुकटच्या पाहुणचारात दार कुणाला उघडत होते? नात्यातल्याला, जातीतल्याला, साहेबाला. दारावर दराची पाटी लावली की विचारायचा प्रश्न एकच राहतो. हा दर परवडतो का? ज्याला परवडतो तो आत येईल. त्याचे आडनाव काय, तो कुठल्या वाडीचा, त्याचा देव कुठला, हे विचारायचे कारण नाही. आणि पाटी लावूनही जो असे विचारील, त्याची पाटी आपण सगळ्यांनी मिळून उतरवली पाहिजे. पैसे घेणारी आपली चाल त्या नाकेदारासारखी होता कामा नये.

तिसरा माणूसही पेण तालुक्याचाच. गागोद्याचे विनोबा भावे, जन्म ११ सप्टेंबर १८९५. त्यांचे उभे आयुष्य मुक्कामांचे. १९५१ साली ते वर्ध्याहून पायी निघाले, हैदराबादजवळ सर्वोदयाच्या संमेलनाला गेले आणि तिथून तेलंगणात फिरताना १८ एप्रिलला पोचमपल्लीला मुक्कामाला आले. तिथल्या चाळीस भूमिहीन कुटुंबांनी ऐंशी एकर जमीन मागितली. रामचंद्र रेड्डी नावाच्या जमीनदाराने शंभर एकर देऊ केली. भूदान चळवळ अशी एका मुक्कामात जन्माला आली. पुढे तेरा वर्षे विनोबा चालत राहिले. रोज नवे गाव, रोज नवे अंगण. त्यांच्याबद्दल आदर आहेच. पण दानाने शेतीचा प्रश्न सुटला का? लाखो एकर जमीन कागदावर जमा झाली. त्यातली पुष्कळशी कधी वाटलीच गेली नाही, आणि जी वाटली गेली त्यावर राबणाऱ्याच्या मालाला भाव नव्हता. जमीन दानाने येऊ शकते, पण शेत भावानेच चालते. आणि पाहुणचारही दानावर चालवला तर एक दिवस घरातली बाई थकते आणि दार बंद होते.

आता हिशेबाला बसू. आकडे आम्ही उदाहरणादाखल घेतो, तुम्ही घरी जाऊन आपले आकडे घाला.

समजा, संध्याकाळी आठ वाजता मोटारसायकलवरून एक एकटा मुलगा आला. पडवीला लागून एक खोली आहे. त्याला जेवायला भात, आमटी, तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, असले तर माशाचे कालवण. सकाळी चहा आणि न्याहारी. सगळा जिन्नस विकतच्या भावाने धरा, घरचा म्हणून सोडू नका. धरा २२० रुपये. वीज, आंघोळीचे गरम पाणी, चादर-अभ्रे धुणे, ६० रुपये. खोलीची डागडुजी, गादीची झीज, ६४ रुपये. झाले ३४४. आता सांगा, काय राहिले?

घरातल्या बाईची मजुरी राहिली. ती नेहमीच राहते. रात्री स्वयंपाक, भांडी, सकाळी पाचला उठून पाणी, न्याहारी, झाडलोट. चार तास तरी जातात. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. आठ तासांना ३१२, तर चार तासांना १५६. आता बेरीज करा. ३४४ आणि १५६, पाचशे रुपये. हा मुक्कामाचा उत्पादन खर्च झाला. पाचशेच्या खाली घेतले तर आपण पाहुण्याला आपल्या खिशातून पैसे देऊन झोपवतो. आठशे घेतले तर तीनशे उरतात. महिन्याला पाच मुक्काम झाले तर दीड हजार. आणि शिवाय ते १५६ बाईच्या हातात पडले पाहिजेत. तिच्या नावाच्या डब्यात ते वेगळे ठेवा, तरच ते मजुरी म्हणून मोजले जातील.

हे तुम्हाला ओळखीचे वाटते ना? भाताच्या भावात नेमके हेच होते. शेतमालाचा खर्च काढताना सरकार तीन तऱ्हांनी मोजते. एका तऱ्हेत नुसता रोख आणि जिनसी खर्च. दुसऱ्या तऱ्हेत त्यात घरच्या माणसांची मजुरी धरतात. तिसऱ्या तऱ्हेत जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याजही धरतात. कुठला खर्च धरून भाव काढायचा, यावर इतकी वर्षे भांडण चालू आहे. २०२५-२६ च्या हंगामात साध्या भाताची आधारभूत किंमत क्विंटलला २३६९ रुपये होती. ती दुसऱ्या तऱ्हेच्या खर्चावर काढलेली आहे. तिसऱ्या तऱ्हेने काढली असती तर जास्त द्यावी लागली असती, म्हणून ती तऱ्हा चालत नाही. सरकार आपल्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज मोजत नाही म्हणून आपण सरकारशी भांडतो. आणि आपणच घरात बाईचे चार तास मोजत नाही. तेव्हा हिशेबाची सवय घरापासून लावली तर केंद्रावर भांडताना तोंड मोठे राहील.

शेतकरी स्वतःही मुक्कामाचा प्रवासी आहेच. भाजीचा टेम्पो वाशीच्या बाजारात रात्री लावायचा, पहाटेच्या लिलावापर्यंत क्रेटवर डोके टेकायचे. भात केंद्रावर नंबर लागेपर्यंत पोत्यावर झोपायचे. मुंबईच्या इस्पितळात घरचा माणूस असेल तर व्हरांड्यात वर्तमानपत्र पसरायचे. त्या रात्रीचे भाडे आपल्याला कुणी दिले? मालाच्या खर्चात त्या रात्रीची मजुरी कुणी लावली? शहरातला नोकरदार कामासाठी परगावी राहिला तर त्याला मुक्कामभत्ता मिळतो. शेतकरी राहिला तर त्याला डास मिळतात. आपली रात्र आपणच फुकट धरली म्हणून जगानेही ती फुकट धरली.

आता सावधगिरीच्या चार गोष्टी.

पहिली गोष्ट, नोंद. पाहुणा ओळखीचा असो नसो, वहीत नाव, गाव, फोन, गाडीचा नंबर लिहून घ्यायचा आणि ओळखपत्र पाहायचे. परदेशी माणूस उतरला तर चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारकडे कळवणे हे यजमानाचे कायद्याने काम आहे. पर्यटनाची न्याहारी व निवास योजना आहे, राज्याचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण आहे. त्यांत नोंदणी केली म्हणजे कुणी येऊन दम देऊ शकत नाही. जुन्नरचा खान मेला असला तरी त्याचे वारस टेबलापलीकडे बसलेले असतातच. कागद जवळ असावा.

दुसरी गोष्ट, एकटी बाई. ती दाराशी आली तर पुढे घरातल्या बाईने जायचे. खोलीला आतून कडी हवी, न्हाणीघराला दिवा हवा. नवरा काय करतो, एकटी का निघालीस, घरचे कसे सोडतात, असले प्रश्न विचारायचे नाहीत. आपली मुलगी नोकरीसाठी परगावी एकटी जाते तेव्हा कुणी तिला असे विचारलेले आपल्याला चालेल का? ज्या वाडीत एकटी बाई निर्धास्त झोपून सकाळी निघाली, त्या वाडीचे नाव ती दहा जणांना सांगते. आणि ज्या वाडीत तिला रात्री दाराला खुर्ची लावावी लागली, त्या वाडीचे नाव शंभर जणांना कळते.

तिसरी गोष्ट, पाणी. कोलाडला कुंडलिकेत रबरी होड्यांचा खेळ चालतो. तिथे मुक्कामाचा धंदा त्या होड्यांवर उभा राहिला. ते पाणी येते कुठून? मुळशीच्या धरणातून, भिऱ्याच्या वीजघरातून. त्या धरणात जमिनी जाऊ नयेत म्हणून १९२१ पासून मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, तुरुंगात गेले, आणि तरी जमिनी गेल्या. त्यांच्या बुडालेल्या शेतांवरून आलेल्या पाण्यावर पाहुणा दोन तास होडीत बसतो आणि पैसे मोजतो. खेळाला आमचा विरोध नाही. पण नदीकाठच्या गावांनी एवढे तरी विचारावे की होडी आमच्या बांधावरून उतरते, गाडी आमच्या रस्त्याने जाते, मग जेवण आणि मुक्काम आमच्या घरात का नाही? आणि ज्या नदीवर हे सगळे चालणार तिच्यात कारखान्यांचे सांडपाणी नको, हे भांडण मासेमाऱ्यांबरोबर आता आपलेही आहे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्यासाठी आज बोलायला उभे राहिलो ती हीच. आज जो एका रात्रीची खोली मागतो, तो किंवा त्याचा मित्र उद्या विचारतो, इथे जागा मिळेल का? छान हवा आहे, नदी आहे, दोन गुंठे, दहा गुंठे, सांगाल तो भाव. या जिल्ह्यात हे किती ठिकाणी घडले ते आम्ही सांगायला नको, रस्त्याच्या कडेचे तारेचे कुंपण पाहा. शेतकऱ्याने जमीन दिली, पैसे घरात आले, लग्नात गेले, गाडीत गेले. बंगला उभा राहिला. आणि ज्याच्या बापाचा तो बांध होता तो त्याच बंगल्याच्या फाटकावर रखवालदार म्हणून बसला. त्याची बायको त्याच स्वयंपाकघरात त्याच पाहुण्यांना तीच तांदळाची भाकरी करून घालते. काम बदलले नाही, फक्त यजमान बदलला. काल जो यजमान होता तो आज चाकर झाला.

एका रात्रीचे आठशे रुपये कमी वाटतात आणि गुंठ्याचे लाख मोठे वाटतात. पण गुंठा एकदाच विकता येतो. रात्र रोज येते. ती विकून सकाळी जमीन जागच्या जागी असते, सातबारावर नाव आपलेच असते, आणि पुढच्या पावसात तिथे पुन्हा भात लावता येतो. म्हणून आमचे म्हणणे एका ओळीचे आहे : रात्र विका, रान विकू नका.

याचा अर्थ मुक्कामाने शेती तरेल असा काढू नका. महिन्याच्या पाच पाहुण्यांनी कुणाचे कर्ज फिटत नाही. भाताला भाव मिळाल्याशिवाय भाताचे शेत टिकणार नाही, आणि शेत टिकले नाही तर पाहुणा तरी काय बघायला येईल? तारेचे कुंपण बघायला कुणी आडवाटेने वळत नाही. मुक्काम हा जोडधंदा आहे, कोंबड्यांसारखा. पण जोडधंद्यातही तोटा खायचा नाही, हे शिकायचे आहे.

आणि ओळखीचा कुणी अडचणीत रात्री दाराशी आला, कुणाची गाडी बंद पडली, कुणी आजारी पडला, तर त्याच्याकडे पाटीवरचा दर मागायचा का? नाही. अडलेल्याला आसरा देणे आपण सोडलेले नाही आणि सोडणारही नाही. पण ती आपली मर्जी असली पाहिजे. जो दर सांगू शकतो त्यालाच दर सोडण्याचा अधिकार असतो. ज्याला भाव मागताच येत नाही त्याने फुकट दिले तर ते दान होत नाही, ती नुकसानी होते.

पुढच्या बैठकीला येताना तीन कामे करून यायची आहेत. प्रत्येक गावाने आपल्याकडे किती घरांत एक मोकळी खोली आणि स्वच्छ न्हाणीघर आहे याची यादी करायची. प्रत्येक घराने वर मांडला तसा खर्च काढायचा, बाईची मजुरी धरून, आणि तो घरातल्या बाईने स्वतःच्या हाताने लिहायचा. आणि यादीतल्या घरांनी मिळून एक दर ठरवायचा, म्हणजे शेजारी शेजाऱ्याचा भाव पाडणार नाही. भाताचा भाव ठरवायला आपल्याला दिल्लीपर्यंत भांडावे लागते. हा एक भाव असा आहे की तो अष्टमीत बसून आपल्यालाच ठरवता येतो. निदान तो तरी नीट ठरवू.

याद्या आल्या की त्यावर पुढचे बोलू. आता भात केंद्राचा राहिलेला विषय घ्यावा, अशी अध्यक्षांना विनंती आहे.